नंतर आठवण करून द्या

प्रिय भिंगरी,

रविवारी तुझा फोन तीनदा वाजला आणि मी तो उचलला नाही. नंतर ‘दुकानात गर्दी होती’ असं कळवलं, ते धादांत खोटं होतं. त्या दिवशी दुकान मी उघडलंच नव्हतं आणि मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून फोनकडे नुसती बघत होते. आमचे हे म्हणाले, “अगं उचल की, साप आहे का तो?” मी फोन पालथा ठेवला. पंचेचाळीस वर्षांत तुझ्याशी खोटं बोलायची ही माझी तिसरी वेळ. आधीच्या दोन्ही शाळेतल्या, आणि दोन्ही वेळा तू मला तिथल्या तिथे पकडलं होतंस.

फोनवर हे सांगणं मला जमलं नसतं. मी रडले असते, मी रडले की तू मलाच धीर द्यायला लागली असतीस, आणि या वेळी तुझ्याकडून धीर घ्यायचा मला हक्क नाही. म्हणून कागद पुढे ओढलाय. गेल्या गुरुवारी दुकानात एक गोष्ट माझ्यासमोर आली आणि तेव्हापासून मी ठिकाणावर नाही. पेला हातातून सुटतो, ओळखीच्या गिऱ्हाइकाचं नाव आठवत नाही. ही गोष्ट कळल्यावर तू मला मैत्रीण म्हणशील की नाही, ते मला सांगता येत नाही. पण ती तुला माझ्याकडूनच कळली पाहिजे. शेवटपर्यंत वाच आणि मध्येच फोन करू नकोस.

सुरुवात कॉम्प्युटरपासून करायला हवी. दुकानातला तो काउंटरवरचा जाडजूड कॉम्प्युटर तुला आठवत असेल. तू त्याला आजोबा म्हणायचीस, कारण चालू केल्यावर तो आधी खोकायचा आणि मग जागा व्हायचा. त्याची ऑपरेटिंग सिस्टीम बदला, नवी घ्या, म्हणून गेली पाच-सहा वर्षं रोज सकाळी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट यायची. तिच्यात तीन बटणं: आत्ता, आज रात्री, आणि नंतर आठवण करून द्या. मी तिसरं दाबायचे. दुकानाचं शटर वर, दिवा चालू, तिसरं बटण, मग पहिलं गिऱ्हाईक, असा माझा रोजचा क्रम होता. देवपूजा चुकेल पण ते बटण चुकायचं नाही.

याला कारणं नव्हती असं नाही. माझ्याकडे कारणांचं पोतं भरलेलं असायचं. एकदा औषधांवर चिकटवायच्या लेबलांचं छापयंत्र नव्या सिस्टीमवर चालत नाही असं कुणीतरी म्हणालं, ते वर्षभर पुरलं. मग साठा मोजायचा हंगाम आला. मग माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन. त्यात आमच्या ह्यांचं उदाहरण घरातच. बाजारात काही नवं आलं की पहिल्या दिवशी ते घेणार, फोनची सिस्टीम सगळ्यांच्या आधी बदलणार. एकदा त्यात आमच्या अख्ख्या सहलीचे फोटो गेले आणि हे दोन दिवस तोंड लपवून फिरले. मी सगळ्यांना ऐटीत सांगायचे, पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. लोकांना आधी पडू दे त्या खड्ड्यात, मी बघून पाय टाकीन. चालतंय ना? मग हात कशाला लावायचा?

पुढे ती चौकट दिवसातून चार-चारदा यायला लागली, तीही मी औषध शोधत असताना. एके दिवशी वैतागून मी घाऊक व्यापाऱ्याचा फोन नंबर एका चिठ्ठीवर लिहिला आणि ती चिठ्ठी बरोबर त्या कोपऱ्यावर चिकटवून टाकली. एका दगडात दोन पक्षी मारले म्हणून स्वतःवरच खूश झाले. चौकट आपली चिठ्ठीखाली यायची आणि थोड्या वेळानं आपणच निघून जायची. टेप सुटली की मी नवी लावायचे.

आता आमच्या प्रोग्रॅमबद्दल एक गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. गिऱ्हाइकाच्या नावावर औषध टाकलं की आमचा प्रोग्रॅम त्या माणसाची आधीची औषधं बघतो. दोन औषधं एकमेकांशी पटणारी नसतील तर लाल ओळ दाखवतो. मग मी पुडी बांधायची थांबते आणि डॉक्टरांना फोन करते. ही न पटणाऱ्या जोड्यांची यादी दर महिन्याला आपोआप नवी व्हायची, कारण बाजारात रोज नवी औषधं येतात. कॉलेजात आम्हाला हे सगळं पाठ करायला लावलं होतं. मी वर्गात पहिली होते त्यात. पण मशीन बघतंय म्हटल्यावर माणूस सैल सोडतो, तसं मीही सोडलं. लाल ओळी हळूहळू कमी व्हायला लागल्या. मी काय म्हणायचे माहीत आहे? “हल्ली डॉक्टर शहाणे झालेत.” गेली काही वर्षं मी हे वाक्य चारचौघांत विनोद म्हणून सांगत होते आणि लोक हसत होते.

शेवटी मी शहाणपणानं सिस्टीम बदलली असं समजू नकोस. माल मागवायचं पान जुन्या कॉम्प्युटरवर उघडेना, तेव्हा नाक दाबलं आणि तोंड उघडलं. गुरुवारी आमची सुट्टी, म्हणून गुरुवार ठरवला. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या बाई सकाळी दहालाच आल्या. गळ्यात दोरीला चष्मा, हातात छोटी पेटी, बोलणं मोजकं. खुर्चीत बसल्या, आजोबांना चालू केलं आणि पहिला प्रश्न विचारला, “ही चिठ्ठी कशाला?” मी हसून सांगितलं कशाला ते. त्या हसल्या नाहीत. त्यांनी नखानं चिठ्ठी उचलली. खाली चौकट होतीच. पण ती गेल्यावरही तिच्या खाली एक बारीक पिवळा त्रिकोण तसाच राहिला. त्याच्यापुढे मुंगीएवढ्या अक्षरात एक ओळ होती. बाईंनी चष्मा लावला आणि ती मोठ्यानं वाचली. औषधांची यादी जुनी झाली आहे, या सिस्टीमवर ती यापुढे नवी होणार नाही. पुढे तारीख होती. साडेपाच वर्षांपूर्वीची.

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, “म्हणजे काय?” त्या म्हणाल्या, “म्हणजे त्यानंतर आलेलं एकही औषध याला माहीत नाही. अनोळखी नाव दिसलं की तो काही बोलत नाही.” डॉक्टर शहाणे झाले नव्हते गं. माझं मशीन बहिरं झालं होतं, आणि तसं ते रोज लिहून सांगत होतं, आणि त्याच्या तोंडावर मी माझ्या हातानं कागद चिकटवला होता.

दुपारी तीनपर्यंत नवी सिस्टीम बसली. एवढी वर्षं जिला घाबरले तिला पाच तास लागले, आणि लेबलांचं छापयंत्रसुद्धा मुकाट्यानं चाललं. नवा प्रोग्रॅम उघडल्याबरोबर त्यानं विचारलं, जुन्या नोंदी नव्या यादीशी ताडून बघू का? बाई माझ्याकडे बघायला लागल्या. नको म्हणायची संधी होती, आणि खोटं कशाला बोलू, क्षणभर जीभ तिकडे वळली होती. मग मी हो म्हटलं. चाळीस मिनिटं ते चाललं. बाईंनी पेटी आवरली होती, तरी त्या गेल्या नाहीत, बाकावर बसून राहिल्या. शेवटी एकतीस ओळी आल्या. सव्वीस पिवळ्या, म्हणजे जपून द्या. पाच लाल, म्हणजे देऊ नका. ती औषधं मी दिली होती.

पहिल्या चौघांना मी तिथूनच फोन लावले. एक सुतार, तो ठणठणीत. म्हणाला, मधे महिनाभर गरगरायचं खरं, मला वाटलं रंगाच्या वासानं. एक निवृत्त बसचालक, त्यांची गोळी डॉक्टरांनी मागेच बदललेली. एका बाळंतिणीला आठ दिवस अंगावर पुरळ आलं होतं, ती आता बरी आहे. चौथे आजोबा कानानं कमी, त्यांना समजावता समजावता मी ओरडत होते आणि रडत होते. चौघंही जिवंत आहेत म्हटल्यावर मी खाली बसले. वाटलं, सुटले. भिंगरी, मला खरंच वाटलं की मी सुटले.

पाचव्या ओळीवर काकूंचं नाव होतं.

तुझ्या आईचं नाव मी कधी छापलेलं बघितलंच नव्हतं, निदान तसं लक्ष देऊन. त्या माझ्या काकूच होत्या, तुझ्याआधी माझी वेणी घालणाऱ्या. तारीख होती चार वर्षांपूर्वीची, त्या बाथरूममध्ये पडल्या त्याच्या दोन दिवस आधीची. हृदयाच्या डॉक्टरांनी महिनाभरापूर्वी त्यांची रक्तदाबाची गोळी बदलली होती, ती गोळी तेव्हा बाजारात नवीन होती. आणि त्या दिवशी त्या घशाच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आल्या होत्या, पाच दिवसांचा कोर्स. घशाचं औषध रक्तदाबाच्या गोळीला शरीरातून जाऊ देत नाही. ती आत साचत जाते, रक्तदाब खाली खाली येतो, आणि म्हातारं माणूस उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. जोडी लाल आहे. एकत्र देऊ नका, असं स्वच्छ लिहिलंय.

आणि मला तो दिवस आठवतो. आठवत नाही म्हणायची सोय देवानं ठेवलेली नाही. काकू नेहमीसारख्या काउंटरजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या, पिशवी मांडीवर. त्या प्रत्येक वेळी विचारायच्या तसंच त्या दिवशीही त्यांनी विचारलं, “दोन्ही बरोबर चालतील ना गं? काय म्हणतंय तुझं मशीन?” मी पडद्याकडे बघितलं आणि म्हटलं, “गप्प आहे, काकू. गप्प आहे म्हणजे सगळं ठीक.” त्यावर त्या काय म्हणाल्या सांगू? तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली बाई ती. म्हणाल्या, “आमच्याकडे लाइन गप्प झाली की आधी तुटलीय का ते बघायचे.” मी हसले. पुडी बांधली आणि वर म्हटलं, खुशाल घ्या. त्यांच्याशी बोललेले माझे शेवटचे शब्द ते. पुढे हॉस्पिटलात त्या एकोणीस दिवस होत्या, पण ओळखत कुठे होत्या आपल्याला?

शुक्रवारी मी हृदयाच्या डॉक्टरांकडे गेले. कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी बोट ठेवून एकेक ओळ वाचली. मग म्हणाले, “नक्की यामुळेच झालं, असं कुणीच सांगू शकणार नाही.” मी बुडत्यासारखी ते वाक्य धरून बसले. तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, “पण तेव्हासारखं नुसता पाय घसरला, असं आता मी म्हणणार नाही. घशाच्या डॉक्टरांनी विचारायला हवं होतं. मीही सांगून ठेवायला हवं होतं. पण तिघांत शेवटच्या तुम्ही होतात.” त्यांचं म्हणणं खरं आहे, आणि हे सगळं त्यांनी मला सहीनिशी लिहूनही दिलं. शेवटची मीच होते. आणि मशीन नसतं तर मला ते कळलं असतं, कारण मशीन नसतं तर मी पुस्तक उघडलं असतं. नवी गोळी हातात आली की पुस्तक उघडायचं, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात.

सोमवारी परवाना देणाऱ्या कार्यालयात जाऊन मी सगळं लेखी देऊन आले, पाचही नावांसकट. तिथल्या बाईंनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, “हे तुम्ही आपणहून देताय?” मी हो म्हटल्यावर त्यांनी आतून साहेबांना बोलावलं. चौकशी होईल, तोवर दुकान बंद ठेवायचं. मला त्याचं काही वाटलं नाही. खरं म्हणजे शटर ओढताना बरंच वाटलं.

आमच्या ह्यांनी एकदाही ‘मी सांगत होतो’ असं म्हटलं नाही. पाच वर्षं सांगत होते, म्हणू शकले असते. शनिवारी मात्र जेवताना हळूच म्हणाले, “भिंगरीला नको सांगूस. चार वर्षं झाली. ती कशीबशी सावरलीय. जुनी जखम कशाला उकरतेस?” म्हणाले आणि स्वतःच मान खाली घालून बसले. मी त्यांना नावं ठेवत नाही, कारण तो विचार माझ्याही मनात त्यांच्या आधी येऊन गेला होता. शनिवारचा पूर्ण दिवस मी त्या विचाराच्या काठावर बसून काढला. कोणाला कळणार होतं? तुला दुखवायचं नाही म्हणून गप्प राहिले, असं मला आयुष्यभर स्वतःला सांगता आलं असतं, आणि ते दिसायलाही छान दिसलं असतं. रविवारी तुझा फोन वाजला तेव्हा मी तेच ठरवत होते.

पण तू सावरलेली नाहीस, हे त्यांना माहीत नाही. मला माहीत आहे. काकू पडल्या त्या दिवशी तू किल्लीची दुसरी जोडी करून आणायला गेलीस आणि परत येताना कोपऱ्यावर शाळेतली जुनी शिपाईणबाई भेटली म्हणून दहा मिनिटं बोलत उभी राहिलीस. गणिताची बाई ना तू, तू ती दहा मिनिटं मोजून ठेवलीस. पंचवीस मिनिटांत आले असते तर आईला हात धरून उठवलं असतं, पस्तीस लागली, म्हणून आई गेली, असं तुझं उत्तर. तुझ्या दादानं सगळ्यांसमोर तुला म्हटलं, “आईला टाकून गप्पा मारत होतीस.” त्यानंतर तो तुझ्याशी बोलला नाही, आणि तू त्याचं म्हणणं खोडून काढलं नाहीस. घर विकलंस, गाव सोडलंस. गेल्या वर्षी मी तुझ्याकडे आले तेव्हा मी बघितलं, रस्त्यात ओळखीचं कुणी हाक मारली तरी तू थांबत नाहीस. घाईत आहे म्हणतेस आणि चालत सुटतेस. काही घाई नव्हती तुला तेव्हा, आपण नुसत्या फिरायला निघालो होतो. आणि हॉस्पिटलच्या जिन्यात तुझ्या पाठीवरून हात फिरवत मी म्हणाले होते की यात कुणाचाच दोष नाही.

ते खरं नव्हतं. दोष होता, आणि तो तुझा नव्हता, एवढं सांगायला हे पत्र लिहिलंय. माफ कर असं मी यात कुठेही लिहिलेलं नाही, माफी मागायची माझी हिंमत नाही आणि आज ती मागायची वेळही नाही. काकू उठून उभ्या राहतील आणि त्यांना अंधारी येईल, हे दोन दिवस आधीच ठरलं होतं, माझ्या काउंटरवर. तू घरात असतीस, पुढच्या खोलीत वह्या तपासत असतीस, तरी त्या पडल्याच असत्या. बरोबर डॉक्टरांच्या सहीचा कागद जोडलाय, तो नीट वाच, आणि मग ती दहा मिनिटं सोडून दे. दादाचा हल्लीचा पत्ता माझ्याकडे नाही. तो मला पाठव. त्याला तू काही समजावत बसू नकोस, तुझ्या तोंडून त्याला ती सबब वाटेल. त्याला मी लिहीन, हेच सगळं, माझ्या सहीनं, आणि त्याला काय बोलायचं ते तो मला बोलेल. तू पत्ता पाठवलास आणि सोबत एक शब्दही लिहिला नाहीस, तरी मला समजेल.

तुझीच (हा शब्द खोडायचा असेल तर तू खोड, माझ्यानं खोडवत नाही),
मुंगी